आजोबांचे भाऊ इस्राएलला गेले, आजोबा पुण्यातच राहिले. त्या कुटुंबाचा शोध कुठून सुरू करू?

ट्रंकवाली
नमस्कार. आईकडचे आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बाबा देशस्थ, त्यामुळे घरात सण दोन्हीकडचे झाले पण माहिती दोन्हीकडची अर्धवट. आई गेली मार्चमध्ये. परवा तिची पत्र्याची ट्रंक उघडली तर तळाशी एक निळं एअरलेटर, आजोबांच्या थोरल्या भावाचं, इस्राएलमधल्या दिमोनाहून आलेलं आणि अख्खं मराठीत. भिंग घेऊन बसले तर साल १९६२ लागलं, तारखेच्या जागी "दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी" असं लिहिलंय. पुढे, पोरीचं लग्न ठरलंय पण इथे पिढ्यांचा हिशोब मागतायत, तर आईच्या आईचं माहेर आणि तिच्याही आईचं कळव, लवकर कळव. आणि शेवटी, कोणी येणार असेल तर कडवे वाल पाठव.
दारफाळणी म्हणजे काय? हिशोब कसला? आणि हे लोक आता कुठे सापडतील? आडनाव इथे देत नाही, "कर" वालं आहे.

कॅम्पातला_जुना
ताई, दारफाळणी म्हणजे योम किप्पूर, आपला प्रायश्चित्ताचा दिवस. दारं लावून दिवसभर कडक उपास, म्हणून ते नाव. म्हणजे पत्र सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं, तारीख लागली तुमची.
हिशोबाचं असं, की १९५० मध्ये तिकडे कायदा झाला, कुठल्याही ज्यूने यावं आणि नागरिक व्हावं, आणि आपली माणसं गेली. इथे कोणी त्रास देत होतं म्हणून नाही हां, शेजारपाजार सोडताना रडारड झालेली मी लहानपणी पाहिलीय. काही धर्मासाठी गेले, काही इंग्रज गेल्यावर रेल्वे, पोस्ट, पलटणीतल्या नोकऱ्यांचं काय होणार या काळजीने. पण तिथल्या धर्मपीठाला शंका, की कोकणात इतकी शतकं एकटे राहिलेले हे लोक पक्के ज्यू का? १९६२ मध्ये फर्मान निघालं की बेने इस्राएलचं लग्न लावायचं तर आईकडची वंशावळ मागे जाईल तितकी तपासा. आपल्या लोकांनी मोर्चे काढले, धरणं धरली, १९६४ मध्ये तिथल्या संसदेने हे पूर्ण ज्यूच आहेत असं सांगितलं तेव्हा कुठे सुटलं. तुमच्या आजोबांचे भाऊ नेमके त्यात अडकले होते.

डेटावाला_कोथरूड
एवढं कशाला, डीएनए टेस्ट करा ना, थुंकी पाठवायची, दूरचे चुलत भाऊ आपोआप दिसतात.

कॅम्पातला_जुना
दिसतील की, त्यांनीही थुंकी पाठवली असेल तर. आमच्याकडे सगळेच एकमेकांचे चुलत, शंभर नावं येतील, काय करणार घेऊन.

रेवदंड्याची_सून
ट्रंकवाली ताई, इस्राएलपासून सुरू करू नका, कोकणापासून करा. आडनावातला "कर" काढा की गाव निघतं, पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे, किहीमकर किहीमचे. सगळे घाणा चालवणारे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. फक्त त्याच आडनावाचे हिंदूही असतात (दिवेकर दोन्हीकडे आहेत) तेव्हा नुसत्या आडनावावर भुलू नका. जुन्या कागदात नावंही वेगळी दिसतील, मोझेसचा मुसाजी, आयझॅकचा इसाजी. हे माहीत नसलं की आपलाच पणजोबा समोर असून ओळखू येत नाही, माझ्या सासऱ्यांचं असंच झालेलं.
मग अलिबागची इस्राएल आळी, तिथलं देऊळ (म्हणजे आपलं सिनेगॉग), आणि दफनभूमी. दगडांवर मराठीत लिहिलेलं असतं, हिब्रूही असते. पुण्यात लाल देऊळ सगळ्यांना माहितीये पण ते १८६७ चं, बगदादी ज्यू डेव्हिड ससूनचं, आपल्या लोकांचं रास्ता पेठेतलं. तिथे आधी विचारा, लग्नाच्या नोंदी असल्या तर तिथेच.
आणि तिकडे मराठीत "मायबोली" नावाचं नियतकालिक काढायचे आपले लोक. अश्दोद, लोद, दिमोना, बेअर शेवा इथल्या म्हाताऱ्यांच्या घरी जुने अंक असतात. दिमोनाच्या फेसबुक ग्रुपवर मराठीतच लिहा, इंग्रजीत लिहिलंत तर नातवंडं उत्तर देतील, त्यांना काही ठाऊक नसतं.

पेठकर_नव्हे
अवांतर: सगळेच तिकडे राहिले असंही नाही. १९५२ च्या सुमारास काही कुटुंबं भांडून परत आली आणि नंतर पुन्हा गेली. तेव्हा जहाज किंवा विमानाच्या एकाच यादीवर विसंबू नका.

ट्रंकवाली
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्रभर झोप नाही. पत्र मी उत्तराशिवायच वाचत होते हे तुमच्यामुळे लक्षात आलं म्हणून ट्रंक पुन्हा उपसली. किराण्याच्या बिलाच्या मागे आजोबांच्या अक्षरात कच्चा मजकूर मिळाला! आईची आई, माहेर रोहे, बाप इसाजी. तिची आई, आणि पुढे रेघ मारून मोकळी जागा, बहुतेक त्यांनाही माहीत नव्हतं आणि कोणाला तरी विचारणार होते. खाली "वाल २ शेर" लिहून खोडलंय.
रविवारी अलिबाग आणि तिथून रोहे. देवळाच्या चाव्या कोणाकडे असतात ते रेवदंड्याच्या ताई सांगाल का? व्यनि केलाय.