गौरी-गणपती आणि घरातला दांडगा लॅब : तयारी काय करावी?

राजारामपुरीची_सून
नमस्कार मंडळी. यंदा घरचा गणपती आमच्याकडे आहे, विसर्जन गौरीबरोबर. दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके फ्लॅट, शाडूची दीड फुटी मूर्ती आणि सव्वा वर्षाचा २९ किलोचा लॅब्रॅडोर. चावत नाही, पण बेल वाजली की पाहुण्याच्या छातीवर पाय, आणि शेपटीच्या टप्प्यात आलेलं सगळं भुईसपाट. सासूबाई सोवळ्याच्या आहेत. पूजेच्या सामानाला त्यानं शिवलेलं त्यांना चालत नाही, पण "त्याला कुठं सोडायचं नाही" हा हुकूमही त्यांचाच. मांडणी कशी करावी, आरतीच्या वेळी काय करावं, प्रसादातलं काय चालतं? खालच्या चौकात मंडळाचा डॉल्बी असतो, त्याचंही सांगा. बोर्डिंगचा सल्ला नको.

चौरंग_पाट
ताई, मांडणी खोलीच्या कोपऱ्यात करा, म्हणजे दोन बाजू भिंतीनं आपोआप बंद होतात. बैठक जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच हवी. लॅबची शेपटी साधारण दोन फुटांच्या आसपास फिरते, त्यामुळं खाली ठेवलेला चौरंग पहिल्याच दिवशी हलतो. घडीचं टेबल अजिबात नको, पाय दुमडतात. जड लाकडी टेबल घ्या, त्यावर पाट, पाटाखाली रबरी जाळीची मॅट. शाडू पीओपीपेक्षा ठिसूळ असतो. मूर्ती पडली नाही तरी नुसत्या हादऱ्यानं हात किंवा कान निखळू शकतो.

टेबलावरून जमिनीपर्यंत सोडलेलं कापड म्हणजे ओढायला आमंत्रण. ते टेबलाच्या खालून घेऊन टाचण्या मारा. माळांच्या वायरी भिंतीवरच्या पट्टीतून न्या, प्लग उंचावरचा वापरा. समई टेबलाच्या मागच्या कडेला ठेवा, जमिनीवर नको. रात्रभर दिवा हवा असेल तर काचेची चिमणी असलेला.

त्याला अडवायचं फाटक मात्र टेबलाला चिकटून नको. खोलीच्या दारातच हवं, निदान साडेतीन फुटी, आणि चौकटीला स्क्रूनं बसवलेलं. नुसतं दाबून बसणारं फाटक २९ किलोच्या धडकेनं निसटतं. सोवळ्याचाही प्रश्न यातच सुटतो. तो उंबऱ्याबाहेरून बघेल, आत येणार नाही. फाटक आणि रिकामं टेबल दोन आठवडे आधीच लावून ठेवा. नवी वस्तू आणि नवी माणसं एकाच दिवशी आली की तो जास्त चेकाळतो.

बेल_आणि_दूर्वा
सगळे मोदकाचं बघतात, पत्रीचं कुणी बघत नाही. एकवीस पत्रींत कण्हेर, धोत्रा आणि रुई असतात, आणि तिन्ही कुत्र्याला विषारी. कण्हेर सगळ्यात वाईट. पान, फूल, काडी, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. हृदयाचे ठोके बिघडतात. हारात पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, ओवलेली असते, तेव्हा हारवाल्याला आधीच सांगून ठेवा. गौरीला कळलावीची लाल-पिवळी फुलं वाहत असाल तर यंदा वगळा. तिच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन हे विष असतं. गौर म्हणून आणतो तो तेरडा, तसंच दूर्वा, बेल, जास्वंद, झेंडू यांची काळजी नाही. फार तर पोट बिघडेल.

निर्माल्याची पिशवी बाल्कनीत लटकवू नका, झाकणाच्या बादलीत ठेवा. कुत्रा देवापुढं जात नाही, पण पिशवी फाडतो.

बाकी धोके असे : कापराची एखादी वडी गिळली तरी फिट येऊ शकते. विड्यावरच्या सुपारीनं लाळ, उलट्या, थरथर होते. तुपात भिजवलेल्या फुलवाती त्याला खाऊच वाटतात आणि कापूस आतड्यात अडकतो. गौरीच्या साड्यांच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्या आधी मोजून बाजूला काढा.

प्रसादात मनुका आणि बेदाणे पूर्ण बंद. आपल्याकडं तासगावचा बेदाणा घरोघरी, खिरापतीत हमखास पडतो. यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं आणि किती खाल्ला म्हणजे सुरक्षित, असा आकडा नाही. चॉकलेटचे मोदकही नकोत. चॉकलेट जितकं गडद, तितकं वाईट. उकडीच्या मोदकातलं गूळ-खोबरं विष नाही, पण गोड आणि तेलकट, दोन-तीन खाल्ले की जुलाब. पुरणपोळीवरचं तूप स्वादुपिंडाला सूज आणू शकतं. कटाच्या आमटीत कांदा-लसूण असेल तर थेंबही नको. त्याच्यासाठी बिनमिठाची उकड वेगळी काढा, लिंबाएवढ्या दोन गोळ्या पुरे.

बेदाणा, कण्हेर, सुपारी यातलं काही पोटात गेलं तर लक्षणांची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना फोन. पहिल्या दोनेक तासांत डॉक्टर उलटी करवू शकतात. मूत्रपिंडाचा त्रास एक ते तीन दिवसांनी दिसतो, तोवर उशीर झालेला असतो. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानं रक्तातलं सोडियम वाढून वेगळीच आफत येते. रात्री कोण उपलब्ध असतं तो नंबर आजच फ्रिजवर लावा.

तांबडा_पांढरा
एवढं कशाला? आरतीच्या वेळी बेडरूममध्ये कोंडा, विषय संपला.

रंकाळ्याचा_कट्टा
@तांबडा_पांढरा, भावा, विषय तिथं सुरू होतो. सवय नसलेला कुत्रा कोंडला की दार खरवडतो, भुंकतो, आणि दार उघडताच दुप्पट जोरात सुटतो. दिवसातून दोनदा आरती, म्हणजे दोनदा हाच तालीम-आखाडा.

त्यापेक्षा त्याला चटईवर बसायला शिकवा. आधी शांततेत : चटईवर बसला की उकडलेल्या चिकनचा दाण्याएवढा तुकडा. मग टाळ्या, मग कापडात गुंडाळलेली झांज, मग उघडी झांज, शेवटी घंटा. क्रम महत्त्वाचा : आधी आवाज, लगेच तुकडा. उलटं केलंत तर तुकडा दिसला की त्याला झांजेची धास्ती बसेल. दर वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. तुकडा घेईनासा झाला की आवाज जास्त झाला समजायचं आणि एक पायरी मागं यायचं.

प्रत्यक्ष आरतीला फाटकाबाहेर एक माणूस पट्टा धरून, आणि पुढ्यात बिनसाखरेचं दही पसरून गोठवलेली चाटायची मॅट. ती दहा-पंधरा मिनिटं पुरते. खरा गोंधळ शेवटी होतो, सगळे स्वतःभोवती फिरतात आणि मग नमस्काराला वाकतात तेव्हा. एवढे चेहरे एकदम त्याच्या उंचीवर आले की तो चाटायला सुटणारच. तेव्हा पट्टा आखूड धरा.

पाहुण्यांच्या चपला दाराबाहेरच्या कपाटात. कोल्हापुरी चप्पल म्हणजे कमावलेलं कातडं, त्याच्या दृष्टीनं नैवेद्यच.

राजारामपुरीची_सून
खूप उपयोगी. फाटकाचं आजच सुताराला सांगते. डॉल्बी आणि विसर्जनाचं कुणी सांगेल का?

बेल_आणि_दूर्वा
डॉल्बीचा बेस जमिनीतून जाणवतो, त्यामुळं तो झाकायला नुसत्या पंख्याच्या आवाजानं भागत नाही. रस्त्यापासून लांबची खोली, खिडक्या बंद, जाड पडदे, खाली गादी, कूलर चालू. फिरवणं दुपारीच उरका. घाबरून अंगाला चिकटला तर जवळ घ्या, लाडानं भीती वाढते हा गैरसमज आहे. भीती फार असेल तर डॉक्टरांकडून गोळी घ्या आणि गडबड नसलेल्या दिवशी एकदा देऊन बघा. गोळी नुसत्या एसप्रोमॅझिनची, म्हणजे गुंगीच्या औषधाची, असेल तर पुन्हा विचारा. त्यानं अंग सुस्तावतं, भीती आतल्या आत राहते. माणसांची झोपेची गोळी अजिबात नको.

विसर्जनाला कोल्हापुरातल्या इराणी खणीवर (पाणी साठलेल्या जुन्या खाणीवर) जा किंवा जवळच्या काहिलीवर (विसर्जनासाठी ठेवलेल्या मोठ्या कढईवर), त्याला नेऊ नका. एकानं त्याच्याबरोबर घरी थांबायचं. मूर्ती बाहेर काढताना दार बराच वेळ उघडं राहतं आणि पळून जाण्याची वेळ तीच. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवा, आणि पट्टा हार्नेस व कॉलर दोन्हीला अडकवलेला. गुलाल उडालाच तर आधी कोरड्या ब्रशनं झाडा, लगेच पाणी ओतलंत तर रंग केसात बसतो. डोळ्यात गेला तर सलाइननं धुवा.

परत आल्यावर फाटक तसंच ठेवून टेबलाखाली आणि सोफ्याखाली बॅटरी मारून बघा. सुपारी, वाती आणि दक्षिणेची नाणी तिथंच घरंगळलेली असतात.