एकाच नावाची दोन मोठी माणसं: सूचीत वेगळी कशी करायची?

सूचीवाली

मंडळी, मदत हवी आहे. आधी फजिती सांगते, मग प्रश्न.

पुस्तकाच्या शेवटी बारीक टायपात जी नामसूची असते ना, जी कुणी वाचत नाही पण स्वतःचं नाव आहे का ते सगळे बघतात, ती मी करून देते. बारा वर्षं हेच काम. सध्या हातात एक लेखसंग्रह आहे: ४१२ पानं, तेवीस लेखक, पेशवाईपासून दूरदर्शनपर्यंत सगळं एकाच पिशवीत. माझी पद्धत साधी. नाव दिसलं की एक्सेलमध्ये टाकायचं, शेजारी पानाचा आकडा, शेवटी आडनावानं लावायचं आणि एकसारख्या ओळी एकत्र करायच्या. या शेवटच्या पायरीवर पाय घसरला.

सूचीत गेलं: 'जोशी, शरद: ३८, ११२-११९, २०३, २८७'. दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन. "ताई, चाकणला कांद्याचं आंदोलन चालवता चालवता शरद जोशींनी 'ये जो है जिंदगी' कधी लिहिली हो?"

पान २०३ वरचे शरद जोशी हिंदीतले व्यंग्यलेखक. शेतकरी संघटनेचे शरद जोशी वेगळे. आता म्हणाल, एवढं कळू नये? पण बघा ना. एक १९३१ चे, दुसरे १९३५ चे. चाकणचं आंदोलन १९८० च्या आसपासचं, ती मालिका १९८४ ची. दोघंही लिहिणारे, दोघंही सरकारला बोचणारे. सालावरून संशय यावा असं काहीच नव्हतं. पान २०३ वर 'शरद जोशींच्या तिरकस शैलीत' एवढंच वाक्य होतं, आणि तिरकस तर शेतकरी नेतेही लिहायचे!

झाकीर हुसेन मात्र मी पकडले होते. राष्ट्रपती झाकीर हुसेन १९६९ साली पदावर असतानाच गेले, आणि लेख होता नव्वदच्या दशकातल्या मैफलींचा. तिथं काळ मदतीला आला. शरद जोशींच्या वेळी काळानंही हात वर केले.

तर प्रश्न असा: काळ, प्रांत, क्षेत्र सगळं जवळजवळ असेल तर तुम्ही माणसं वेगळी कशी ओळखता? आणि अशी आणखी नावं आठवत असतील तर सांगून ठेवा, प्रुफं परवा परत द्यायची आहेत.

जुनं_बाड

पेशवाईपासून म्हणालात म्हणून विचारतो: 'शाहू महाराज' या नोंदीखाली काय काय गोळा केलंय? ते आधी उघडून बघा. माझी खात्री आहे तिथं दोन माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असणार.

साताऱ्याचे छत्रपती शाहू म्हणजे संभाजीराजांचे पुत्र. औरंगजेब मेल्यावर १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटले, १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाला पेशवेपद दिलं, १७४९ ला गेले. कोल्हापूरचे शाहू म्हणजे राजर्षी, १८७४ ते १९२२, ज्यांनी १९०२ साली संस्थानाच्या नोकरीत निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. दोघांमध्ये दीडशे वर्षांहून जास्त अंतर आहे, तरी भाषणांत एकाची वाक्यं दुसऱ्याच्या तोंडी घातलेली मी स्वतः ऐकली आहेत. साताऱ्याच्या गादीवर पुढे आणखी एक शाहू होऊन गेले, प्रतापसिंहांचे वडील. त्यांना तर कुणी मोजतच नाही.

आणि यातली खरी गंमत: या दोन्ही मोठ्या शाहूंपैकी जन्मतः शाहू कुणीच नव्हतं. साताऱ्याच्या शाहूंचं मूळ नाव शिवाजी, आजोबांचं. कोल्हापूरचे शाहू कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १८८४ मध्ये दत्तक गेले तेव्हा शाहू झाले. म्हणजे हा योगायोग नव्हे. नाव मुद्दाम उचललेलं आहे, गादीबरोबर येणारं. राजघराण्यांत नाव हा वारसा असतो, त्यामुळे तिथं घोटाळा होणारच.

राजारामांचं तर विचारूच नका. शिवरायांचे पुत्र राजाराम. साताऱ्याचे रामराजे, तेही राजारामच. कोल्हापूरचे एक राजाराम १८७० साली युरोपच्या दौऱ्यात ऐन विशीत फ्लॉरेन्समध्ये वारले, तिथं नदीकाठच्या बागेत आजही त्यांची छत्री आणि अर्धपुतळा आहे. आणि राजर्षींचे चिरंजीव राजाराम, १९४० पर्यंत. पहिले, दुसरे, तिसरे असे आकडे लावून सुटू म्हणाल तर दोन गाद्यांची मोजणी वेगळी. एकाचे दुसरे ते दुसऱ्याचे पहिले. आकड्यापेक्षा गादी आणि साल लिहा.

नानासाहेब पेशवेही तपासा. पानिपताच्या धक्क्यानं १७६१ मध्ये गेलेले नानासाहेब आणि १८५७ चे नानासाहेब. दुसरे हे दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र, म्हणजे पहिले नानासाहेब नात्यानं त्यांचे चुलत आजोबाच लागतात. 'नानासाहेब पेशव्यांच्या मृत्यूनंतर' असं वाक्य आलं तर शंभर वर्षांची उडी बसू शकते.

तिरकट

ताई, सोपं करून सांगतो. 'दिलीपकुमार' म्हणजे युसुफ खान. ए. आर. रहमान म्हणजे जन्मनावानं दिलीपकुमार. रजनीकांत म्हणजे शिवाजीराव गायकवाड. शिवाजी गणेशन म्हणजे नुसते गणेशन, नाटकात शिवाजी महाराज केले म्हणून शिवाजी. आता लावा सूची. 😄

(गायकवाड, शिवाजीराव: पाहा रजनीकांत. गणेशन यांना महाराजांच्या नोंदीत टाकू नका म्हणजे मिळवलं.)

कार्डकपाट

मी ग्रंथालयात तालिकेच्या कामावर तीस वर्षं काढली. कार्डं हातानं लिहायचो तेव्हापासून. सूचीवाली ताईंना एकच गोष्ट सांगेन, बाकी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं: तुमची चूक ओळखण्यात नाही, क्रमात आहे. तुम्ही आधी एकत्र करता आणि मग शंका आली तर तोडता. उलटं करा. प्रत्येक उल्लेख हा वेगळा माणूस आहे असं धरून चाला, आणि दोन्हीकडे नावाशिवाय आणखी एक खूण जुळली तरच सांधा. नाव ही खूण धरायचीच नाही. तोडलेलं जोडायला दोन मिनिटं लागतात. जोडलेलं तोडायला अख्खं पुस्तक पुन्हा वाचावं लागतं, ते तुम्ही आता करताच आहात.

खूण कुठली? आपल्याकडे बापाचं नाव मधे घालायची रीत आहे, ती सूचीकारासाठी सोन्यासारखी. जोशी, शरद अनंत असं लिहिलं की अर्धं काम झालं. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही मुळात हुद्द्यांची नावं, गावोगाव असणार. म्हणून तर मराठी लेखकांनी आद्याक्षरांचा आसरा घेतला. जी. ए., द. भि., व. दि., कृ. पां.: आडनाव सगळ्यांचं कुलकर्णी, पण साहित्यातल्या माणसाला नुसती दोन अक्षरं पुरतात. परक्या माणसाला ही आद्याक्षरं कोरडी वाटतात. आपल्याला 'जीए' म्हटलं की चेहरा दिसतो.

आद्याक्षरं नसतील तर नावापुढे जन्म-मृत्यूची सालं; तीही मिळाली नाहीत तर व्यवसाय. ग्रंथालयांत हेच चालतं. संशोधकांना आता ऑर्किड (ORCID) नावाचा सोळा अंकी ओळख क्रमांक मिळतो, २०१२ पासून. पण तो हयात माणसानं स्वतः घ्यायचा असतो. नानासाहेबांना कोण देणार?

कधी समाज स्वतःच खूण लावून ठेवतो. बडे गुलाम अली खाँ यांच्यातलं 'बडे' बघा. गझल गाणारे गुलाम अली वेगळे, पण त्यांचं नाव खाँसाहेबांवरूनच ठेवलेलं, आणि पुढे ते त्यांच्याकडे शिकलेही. 'राजर्षी'चंही तेच. १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी समाजानं ती पदवी दिली, आदर म्हणून. आज ती ओळखपत्राचंही काम करते. तेव्हा सूचीत पदव्या गाळायचा नियम असेल तर अशा ठिकाणी तो खुशाल मोडा.

आणखी एक, लिपीचं. तुमचे दोन झाकीर हुसेन इंग्रजीत वेगळे दिसतात: राष्ट्रपतींच्या नावात एस एकदा, तबलावादकांच्या नावात दोनदा. देवनागरीत आले की दोघं एक. याच्या उलटही होतं. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे रोमन लिपीतून मराठीत परत येतात तेव्हा त्यांचे 'केन' होतात. तुमच्या संग्रहात भाषांतरित लेख असतील तर 'केन' शोधून बघा. भारतरत्न माणूस क्रिकेटपटूंच्या रांगेत उभा असेल.

साधा_मतदार

सूचीतली चूक दुसऱ्या आवृत्तीत सुधारते हो. रायगडची २०१४ ची लोकसभा आठवा. सुनील तटकरे २,११० मतांनी हरले, अनंत गीते जिंकले. त्याच मतपत्रिकेवर अपक्ष म्हणून आणखी एक सुनील तटकरे होते आणि त्यांना साडेनऊ हजारांहून जास्त मतं पडली. ती सगळी चुकून पडली असं मी म्हणत नाही, पण आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. तिथंही वडिलांचं नाव मधे होतंच, कार्डकपाट काका. बटण दाबताना मधलं नाव कोण वाचतं? मे २०१५ पासूनच्या निवडणुकांत यंत्रावरच्या मतपत्रिकेत फोटो आले ते यासाठीच. सूचीत फोटो लावायची सोय नाही, हे तुमचं दुर्दैव.

ओवीबद्ध

सगळे 'दोन माणसं एक झाली' एवढंच सांगताहेत. पण मुळात किती माणसं आहेत हेच ठरत नसेल तर?

'नामा म्हणे' ही मुद्रा, म्हणजे अभंगाच्या शेवटी येणारी कवीची सही, घ्या. संत नामदेव १२७० ते १३५०. एकनाथांच्या काळात विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी झाले, ओवीबद्ध महाभारत लिहिणारे. त्यांच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आणि अभ्यासक अजून वेचून काढताहेत. कार्डकपाट काकांचा 'आणखी एक खूण' हा नियम इथं लावून बघा. वडिलांचं नाव नाही, साल नाही, फक्त मुद्रा. मग भाषा बघायची, जुनी रूपं बघायची. पण गाणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी भाषा नवी करून ठेवलेली.

संस्कृतवाल्यांना हा घोळ हजार वर्षांपूर्वीच जाणवला होता. राजशेखराच्या नावावरचा एक श्लोक आहे, त्याचा भाव असा की शृंगारात आणि लालित्यात एका कालिदासालाच कुणी जिंकू शकत नाही, मग तीन कालिदासांची काय कथा! तीन म्हणजे नेमके कोण कोण, यावर आजही वाद घालता येतो. बरं आहे, सूचीत कालिदास असेल तर तो बहुधा मेघदूतवालाच असणार.

सूचीवाली

सगळ्यांचे आभार. कालची रात्र जागून काढली.

जुनं_बाड, तुमची खात्री खरी ठरली. 'शाहू महाराज' या एका नोंदीत अकरा पानं होती. सात कोल्हापूर, तीन सातारा, एक अजून लोंबकळतंय. नानासाहेब मात्र सगळे १८५७ चेच निघाले. राजारामांपैकी फ्लॉरेन्सवाले एका तळटीपेत होते. त्यांना मी शिवरायांच्या मुलाच्या नोंदीत ढकललं होतं. क्षमस्व, महाराज.

कार्डकपाट काका, 'केन' शोधला. मिळाला! पान ३४१, 'केन यांच्या मते श्राद्धविधी...' आता हा शब्द लेखातच दुरुस्त करायला हवा, सूचीत नव्हे, म्हणजे अनुवादकांना फोन आला. आणि हो, क्रम उलटा करून पाहिला. शरद जोशींच्या चार नोंदी सुट्ट्या केल्या तर ११२-११९ आणि ३८ पहिल्या झटक्यात जुळल्या, दोन्हीकडे शेतमालाचा भाव होता. २८७ ला मी हात टेकले होते, पण तिथं खाली 'राज्यसभा' शब्द दिसला, म्हणजे खासदार झालेले शेतकरी नेतेच. सुटले.

ओवीबद्ध, तुमच्यामुळे उगाच एक नवीन डोकेदुखी. पान ९४ वर 'नामा' आहे. मी सरळ 'नामदेव' केलं होतं. आता 'नामा' अशी वेगळी नोंद ठेवते आणि पुढे दोघांकडे बोट दाखवते. संपादक ओरडले तर तुमचं नाव सांगेन.

राहिलं पान २६६. वाक्य असं: 'शाहू महाराजांनी या घराण्याला दिलेल्या सनदा'. घराणं सातारा भागातलं, पण लेख कोल्हापूर संस्थानावर. साल नाही. लेखकांना मेसेज केला, 'सर, हे कोणते शाहू?' उत्तर आलं: 'संदर्भ वाचा, स्पष्ट आहे.'

तिसऱ्यांदा वाचतेय.