शांता गोखले : कादंबऱ्या इतक्या कमी का?

तिसरी घंटा : परवा शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ ही कादंबरी पुन्हा वाचली. घरादाराचं ओझं वाहून मन कोलमडलेली रीटा नर्सिंग होममध्ये पडून आहे. त्या पानांवर आले की अजूनही पुस्तक मिटून थोडा वेळ बसावं लागतं. मैत्रीण हळहळली, “एवढं लिहिणारी बाई नोकऱ्या आणि वर्तमानपत्रांत का अडकली?” मला हे अजिबात पटत नाही. इंग्रजी शिकवणं, ‘फेमिना’त उपसंपादकी, औषध कंपनीत जनसंपर्क, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलाविभागाचं संपादन, ‘अविनाश’ हे नाटक, पटकथा, भाषांतरं. शांताबाईंनी हे सगळं केलं म्हणूनच त्यांचं गद्य इतकं नेमकं आहे. उपसंपादकाचा हात त्यांच्या कादंबरीतही दिसतो, एक शब्द जास्तीचा नाही. तुम्हाला काय वाटतं?

सांगलीचा रसिक : मला हळहळ रास्त वाटते. ‘त्या वर्षी’ ही त्यांची कादंबरी २००८ ची. तिच्यात चित्रकार आहेत, गाणं आहे, हिंसेनं हादरलेलं शहर आहे. अशा आणखी कादंबऱ्या आपल्याला मिळायला हव्या होत्या. माझं खरं दुखणं मात्र वेगळं आहे. १८४३ पासूनच्या मराठी नाटकाचा त्यांचा मोठा इतिहास २००० साली आला तो इंग्रजीत. विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते आमच्या सांगलीत. तिथून सुरू होणारी गोष्ट आमच्याच गावातल्या नेपथ्याला खिळे ठोकणाऱ्या माणसाला वाचता येऊ नये?

वरचा मजला : रसिकराव, तुमची कळ समजते. पण मी छबिलदासच्या प्रेक्षकांतला. दादरची शाळा, जिना चढून वरचा हॉल, बाहेर बाजाराचा गलका, आत नट हाताच्या अंतरावर. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं तिथं काय काय उभं केलं! त्यातल्या बहुतेक प्रयोगांचं चित्रण नाही. नाटक संपलं की संपलं. शांताबाईंनी वालचंद टेरेस, भुलाभाई इन्स्टिट्यूट आणि छबिलदास या मुंबईतल्या प्रायोगिक नाटकाच्या जागांवरच्या माणसांना बोलतं केलं आणि २०१५ मध्ये त्याचं पुस्तक केलं. समोरच्याला बोलू द्यायचं आणि आपण मागं राहायचं, ही सवय पत्रकारितेतली. ती नसती तर माझ्या तरुणपणातल्या त्या संध्याकाळी फक्त माझ्या डोक्यात उरल्या असत्या.

सांगलीचा रसिक : तेही इंग्रजीतच ना?

तिसरी घंटा : हो, इंग्रजीतच. पण दुसरी बाजूही बघा. कादंबऱ्या त्यांनी मराठीत लिहिल्या आणि नंतर स्वतःच इंग्रजीत नेल्या. पंधराव्या वर्षी इंग्लंडला शिकायला गेलेल्या मुलीला उलटं करणं किती सोपं होतं! लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ इंग्रजीत नेली, सतीश आळेकरांचं ‘बेगम बर्वे’ हे नाटक नेलं. लक्ष्मीबाईंची घरगुती, खट्याळ मराठी परक्या भाषेत उभी करायला काय लागत असेल, ते एक परिच्छेद करून बघा. मी केला. संध्याकाळ गेली आणि परिच्छेद मेलेलाच राहिला.

सांगलीचा रसिक : भाषांतरांबद्दल तक्रार नाही, त्यांना नमस्कारच. पण हे सगळं मराठीकडून बाहेर जातंय. परत घरी काय येतं, हा माझा प्रश्न आहे आणि तो मी सोडणार नाही. आमच्या हौशी मंडळात दर रविवारी तालमीआधी अर्धा तास मी माझ्याकडची त्या नाट्य-इतिहासाची इंग्रजी प्रत उघडतो, एकेक पान वाचतो आणि मराठीत सांगतो. आमचा सुतार सगळ्यांत पुढं बसतो. गेल्या रविवारी भाव्यांवरची पानं संपली तेव्हा तो म्हणाला, “मग पुढं काय झालं?” तालीम अर्धा तास उशिरा सुरू झाली.