मदत हवी आहे: मॅलार्डच्या मधल्या सिलिंडरची तरफ

नमस्कार मंडळी. ३ जुलै १९३८ रोजी इंग्लंडमधल्या स्टोक बँकच्या उतारावर मॅलार्ड या इंजिनाने ताशी १२६ मैलांचा, म्हणजे साधारण २०३ किलोमीटरचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनांमधला हा विक्रम आजही टिकून आहे. पण त्याच धावेत मधल्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग तापलं आणि गाडी पीटरबरोला थांबवावी लागली. माझा प्रश्न याच मधल्या सिलिंडरचा आहे.

मॅलार्डचे रचनाकार नायजेल ग्रेस्ली यांच्या रचनेत मधल्या व्हॉल्व्हला (सिलिंडरमध्ये वाफ आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेला) स्वतंत्र गिअर, म्हणजे चालवणारी यंत्रणा, नाही. बाहेरच्या दोन व्हॉल्व्हची हालचाल दोन तरफांनी एकत्र करून मधला चालवतात. मोठी तरफ दोनास एक अशी टेकवलेली, म्हणजे एक भुजा दुसरीच्या दुप्पट, आणि तिच्या आखूड टोकावर समान भुजांची छोटी तरफ. किती सुंदर कल्पना!

भाचीला दाखवायला मी पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. पहिल्या दिवशी झकास चाललं. मग छोट्या तरफेच्या मधल्या टाचणीचं भोक सैल झालं आणि मधल्या व्हॉल्व्हची पट्टी हवी त्यापेक्षा बरीच पुढे जायला लागली. त्या सांध्यातली ढिलाई शेवटच्या टोकाला दुप्पट होते, हे माझं गणित बरोबर आहे ना? आणि वेग वाढला की तरफांच्या वजनामुळे त्यात आणखी किती भर पडते, हे कुणी मेकॅनिकलवाल्यांनी सोप्या भाषेत समजावून सांगाल का?

यॉर्कजवळ कुणी राहत असेल, तर तिथल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात मॅलार्ड उभी आहे. तरफांचा जवळून फोटो मिळाला तर फार उपकार होतील.