मदत हवी आहे: विमच्या हेल्पमध्ये उत्तर हुडकायचं कसं? (कामावर नेट नाही)

उद्यमबागवाला

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथवर आहे. प्रोग्रॅम लिहायच्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि त्यात जीविम, म्हणजे खिडकीत उघडणारं विम, मजकूर लिहायचा एडिटर. आधीच्या सेटरनं घालून ठेवलंय, तो आता हुबळीला गेला. त्या कॉम्प्युटरला नेट नाही, फोन गेटवर ठेवून आत जायचं. म्हणजे अडलं की आतल्या हेल्पशिवाय कोण नाही.

सध्या अडलंय ते असं. प्रोग्रॅममध्ये मधेच ओळी घातल्या की एन नंबरांचा (प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एन लावून लिहिलेला ओळीचा नंबर) क्रम बिघडतो. परत एन१०, एन२०, एन३० असे ओळीनं टाकायचेत. सध्या हातानंच बदलायलोय. हेल्पला ‘नंबर’ विचारलं तर स्क्रीनवर ओळींचे नंबर कसे दाखवायचे ते सांगतंय. इंग्रजीत ‘चेंज लाईन नंबर्स’ असं सगळं टाकलं तर ई१४९, हेल्प नाही म्हणे. एवढी मोठी हेल्प आणि पाहिजे ते गावना.

ह्याचं उत्तर द्याच, पण पुढच्या वेळी माझं मी कसं हुडकायचं तेही सांगा. शाळा मराठीतून, नंतर आयटीआय, त्यामुळं इंग्रजी बेताचंच आहे.

तिसरंगेट

विमच्या हेल्पला वाक्य विचारायचं नाही. तिला अर्थ कळत नाही, तिच्याकडं नावांची यादी आहे, त्यात ती बघते. म्हणून आपल्या हातात काय आहे ते आधी बघायचं. (कमांड इथं देवनागरीत लिहितोय, तिथं अर्थातच इंग्रजीत टाका.)

एरर आला असेल तर त्याचा नंबरच विचारा. कोलन, हेल्प, ई३७ असं टाकलं की तो एरर का आला ते निघतं. सेटिंग असेल तर नाव सिंगल कोटात घालायचं, कोलनवाली कमांड असेल तर नावाआधी कोलन. कळेबद्दल विचारायचं असेल तर कंट्रोल ही कळ दाबायची नाही, सी-टी-आर-एल, मग डॅश, मग ए अशी अक्षरं टाईप करायची. तीच कळ व्हिज्युअल मोडमधली (मजकूर सिलेक्ट करायचा मोड) असेल तर त्याच्या आधी व्ही आणि अंडरस्कोर, इन्सर्टमधली (टाईप करायचा मोड) असेल तर आय आणि अंडरस्कोर. ही आधीची अक्षरं माहीत नसली की माणूस भलत्याच पानावर जातो. बहुतेकांची गाडी इथंच अडते.

नाव अर्धवट आठवत असेल तर तेवढंच टाकून कंट्रोल-डी दाबा, जुळणारी सगळी नावं खाली दिसतील.

शहापूरची

दादा, तुम्हाला तर नावच माहीत नाही, मग अर्धवट तरी कुठलं आठवणार? तुमच्यासाठी हेल्पग्रेप. ते नावांच्या यादीत बघत नाही, हेल्पच्या सगळ्या फायलींतला मजकूर चाळतं. कोलन, हेल्पग्रेप, मग शब्द. शब्द निवडताना तुमच्या कामाचं नाव टाकू नका, आकड्याचं नेमकं काय व्हायला पाहिजे ते टाका. इथं आकडा वाढायला पाहिजे, म्हणून ‘इन्क्रिमेंट’. शेवटी बॅकस्लॅश आणि सी जोडा, म्हणजे कॅपिटल-स्मॉलचा फरक धरत नाही. मग कोलन सीओपन केलं की सगळ्या जागांची यादी खाली उघडते, हव्या त्या ओळीवर एंटर.

वाचताना रंगीत शब्दावर माऊसनं डबल क्लिक केलं तरी त्या विषयावर जाता येतं. परत यायला कंट्रोल-टी.

उद्यमबागवाला

ताई, गावलं! व्हिज्युअलमध्ये ओळी धरून जी ही कळ, मग कंट्रोल-ए. आधी सगळे एन नंबर शून्य केले, ओळी सिलेक्ट केल्या, १० टाकून जी, कंट्रोल-ए. एन१०, एन२०, एन३० झरझर पडले.

पण एक कळना झालंय. त्याच हेल्पमध्ये लिहिलंय की नुसता कंट्रोल-ए दाबला की आकडा एकानं वाढतो. मी दाबला तर अख्खी फाईलच सिलेक्ट झाली. हेल्प चुकीची आहे काय?

तिसरंगेट

हेल्प बरोबर आहे. विंडोजवर विम घालताना एमएसविन नावाची फाईल लागू केलेली असते कधी कधी. ती कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही ह्यांना नेहमीच्या विंडोजसारखं करून ठेवते. हेल्प लिहिलीय मूळच्या विमबद्दल. जी आधी दाबला की पुढच्या कळेला ते बदललेलं वागणं लागू होत नाही, म्हणून तुमचं काम झालं. अशी शंका आली की कोलन, व्हर्बोज मॅप आणि ती कळ टाका, कुठल्या फाईलनं बदल केलाय ते नावासकट सांगतं.

आणि हो, जी कंट्रोल-ए विम ८ मध्ये, म्हणजे २०१६ पासून आहे. दुसऱ्या मशीनवर जुनं विम असलं तर चालेलच असं नाही.

निपाणीकर

विमचं तुम्ही बघा, मी टर्निंगवाला आहे म्हणून बोलतो. नंबर बदलायच्या आधी प्रोग्रॅममध्ये जी७१ (रफ टर्निंगच्या सायकलचा कोड) आहे काय बघा. त्यात पी आणि क्यू पुढं जे आकडे असतात ते एन नंबरच असतात, कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत प्रोफाईल ते सांगणारे. तुम्ही एन बदलला आणि पी-क्यू तसेच ठेवले तर मशीन एकतर अलार्म देईल, नाहीतर भलतीच ओळ पकडेल. जी७०, गोटू, सगळ्यांचं तेच.

दुसरं, ज्या ओळीला एन नाही ती सिलेक्शनमध्ये आली तर तिच्यातला पहिला आकडा वाढणार. जी०१ असेल तर त्याचंच काहीतरी होऊन बसेल. जॉब लावायच्या आधी ड्राय रन करा, म्हणजे जॉब न कापता मशीन नुसतं चालवून बघा, अण्णा.

उद्यमबागवाला

बरं झालं सांगितलंत. दोन प्रोग्रॅममध्ये जी७१ आहे, ते बाजूला काढले. बाकीच्यांत एनची गरजच नाही म्हणे आमचे मेस्त्री. मग ते पुसूनच टाकतो. सगळ्या ओळींतून एकदम काढायचं हेल्पमध्ये कुठं बघू?

शहापूरची

आता रेफरन्समध्ये शिरू नका, ती माहितगारांसाठी आहे. विममध्ये वाचून शिकायचं वेगळं युजर मॅन्युअल आहे, इंग्रजी सोपं आहे. हेल्प, यूएसआर, अंडरस्कोर, १०. त्यातला १०.२ भाग बघा, बदली करायची कमांड तिथं उदाहरणांसकट आहे. आधी फाईलची कॉपी करून घ्या.