मॅकेन की ओबामा: पदरमोड कोणी केली?

ओहायोकर (२० ऑक्टोबर २००८)

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार, रिपब्लिकन मॅकेन आणि डेमोक्रॅट ओबामा, यांच्या तिन्ही वादचर्चा झाल्या. ४ नोव्हेंबरच्या मतदानाला पंधरा दिवस राहिले. टपालाने आलेली मतपत्रिका चार दिवसांपासून आमच्या फ्रीजवर लोहचुंबकाखाली अडकवलेली आहे. रोज सकाळी दूध काढायला गेलो की ती दिसते आणि चहाची चव जाते. २००४ मध्ये इथे ओहायोत, कोलंबसला पावसात साडेतीन तास रांगेत उभं राहून मत दिलं होतं, म्हणून यंदा टपाली मागवली. तेव्हा पाय दुखले होते, आता डोकं दुखतंय.

"भारताच्या फायद्याचा कोण" यासाठी हा धागा नाही. "बोलतो छान कोण" यासाठीही नाही, त्यात ओबामा कितीतरी पुढे आहेत हे मॅकेनवालेही मान्य करतील.

माझे आजोबा ग्रामपंचायतीच्या उमेदवाराबद्दल एकच विचारायचे: "यानं पदरमोड कधी केली?" पैशांचीच असं नाही. आपलं नुकसान होणार हे डोळ्यांनी दिसत असताना कधी काही केलंय का, एवढंच.

या मापाने मॅकेन मला जड वाटतात. ऑक्टोबर १९६७ मध्ये हनोईवर त्यांचं विमान पडलं, दोन्ही हात आणि एक पाय मोडला. पुढच्या वर्षी वडील पॅसिफिकमधल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख झाले, तेव्हा व्हिएतनामी मुलाला सोडायला तयार होते. हे म्हणाले, माझ्या आधी पकडलेले आधी सुटतील. सुटले ते मार्च १९७३ मध्ये. आजही हात खांद्याच्या वर जात नाहीत. बरं, ते तरुणपणचं म्हणून सोडा. २००१ आणि २००३ च्या बुशच्या करकपातींना विरोध केला, स्वतःच्या पक्षाचा अध्यक्ष असताना. फाइनगोल्ड या डेमोक्रॅटला बरोबर घेऊन निवडणूक निधीचा कायदा आणला. गेल्या वर्षी इराकमध्ये आणखी सैन्य पाठवा म्हणाले, तेही जनता युद्धाला विटलेली असताना. आणि डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडींबरोबरच्या स्थलांतर विधेयकापायी तर उमेदवारीच बुडायला आली होती.

ओबामांच्या खात्यावर मला ठळक नोंद एकच दिसते: २ ऑक्टोबर २००२ चं शिकागोतलं इराक युद्धाविरुद्धचं भाषण. आणखी काही असेल तर दाखवा. मत मोकळं आहे.

तिरकस

आजोबांच्या मापाने आमच्या गावात सलग तीन निवडणुका कुणीच उमेदवार मिळाला नसता. चालू द्या.

बे_एरियातली_मावशी

ओहायोकर, व्हिएतनामबद्दल कोण काय बोलणार? हात जोडले. पण मत १९६८ च्या मॅकेनना द्यायचं नाहीये, २००९ च्या जानेवारीत जो खुर्चीत बसेल त्याला द्यायचंय.

गेल्या महिन्याचं कॅलेंडर काढा. १५ सप्टेंबरला लेहमन ही मोठी बँक बुडाली, त्याच दिवशी मॅकेन म्हणाले की अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम आहे. २४ तारखेला म्हणाले प्रचार थांबवतो, २६ ची वादचर्चाही पुढे ढकला, मी वॉशिंग्टनला जाऊन सोडवतो. २५ ला व्हाइट हाउसमध्ये बैठक झाली, त्यातून निष्पन्न शून्य. २६ ला मुकाट्याने मिसिसिपीत वादचर्चेला हजर. २९ ला बँका वाचवायचं ७०० अब्ज डॉलरचं विधेयक सभागृहात पडलं आणि विरोधात मत देणाऱ्यांत यांच्याच पक्षाचे जास्त. त्या दिवशी शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला. माझ्या निवृत्तीच्या खात्याचं काय झालं ते विचारू नका, मी पाकीट न फोडता ड्रॉवरमध्ये टाकलंय.

त्या पंधरवड्यात ओबामांनी फार मोठं काही केलं असं नाही. पण घर पेटलेलं असताना एक माणूस बादली घेऊन इकडून तिकडे पळतोय आणि दुसरा विचारतोय की नळ कुठे आहे. मला दुसरा हवा.

आणि पदरमोडीचंच म्हणाल तर त्यांनी उपाध्यक्षपदासाठी निवडलेल्या पेलिनबाई? बहात्तर वर्षांचा माणूस, आणि त्याच्यानंतर देश जिच्या हातात जाईल ती दोन वर्षंही पूर्ण न झालेली गव्हर्नर. निवड जाहीर केली तीही स्वतःच्या वाढदिवशी, २९ ऑगस्टला. हा जुगार त्यांनी स्वतःच्या पदराने नाही खेळलेला, तुमच्या-माझ्या पदराने खेळलाय.

जर्सीचा_जावई

मावशी, नळ कुठे आहे हे विचारत बसलं की घर जळून जातं.

मी मॅकेनवाला, उघड. दोन दुकानं आहेत, सोळा माणसं कामाला. ओबामा अडीच लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांचा कर वाढवणार म्हणतात, वरचा दर ३५ टक्क्यांवरून ३९.६. ऐकायला बरं वाटतं, श्रीमंतांकडून घ्या. पण छोट्या धंद्याचा नफा मालकाच्या वैयक्तिक विवरणपत्रात येतो, तो काही माझ्या खिशात जात नाही. त्यातून मी नवीन फ्रीजर घेतो. कराबद्दल विचारणाऱ्या, टोलेडोजवळच्या त्या जो प्लंबरला ओबामा म्हणाले, संपत्ती जरा वाटली की सगळ्यांचंच भलं होतं. वाटायला हरकत नाही, आधी विचारा तरी.

आता पदरमोड. दहा दिवसांपूर्वी मिनेसोटात, लेकव्हिलला मॅकेनची सभा होती. एक बाई माइक हातात घेऊन म्हणाली, ओबामांवर माझा विश्वास नाही, तो अरब आहे. मॅकेननी माइक तिच्या हातातून काढून घेतला, मान हलवली आणि म्हणाले, नाही बाई, ते सभ्य गृहस्थ आहेत, कुटुंबवत्सल आहेत, माझे त्यांच्याशी काही मूलभूत मतभेद आहेत इतकंच. त्याच सभेत, ओबामांना घाबरायचं कारण नाही म्हणाले तर स्वतःच्याच लोकांनी हुर्यो केली. निवडणुकीला चार आठवडेही नसताना, मागे पडलेला असताना, आपल्याच गर्दीला असं सांगणारा दुसरा कोण दाखवा.

मु_पो_शिकागो

ती चित्रफीत मीही पाहिली आणि मॅकेनबद्दल आदर वाढला. पण ते वाक्य पुन्हा वाचा. "अरब आहे." "नाही, सभ्य गृहस्थ आहे." म्हणजे अरब असता तर सभ्य नसता का? काल रविवारी कॉलिन पॉवेल यांनी नेमकं हेच बोलून दाखवलं: ओबामा मुस्लिम नाहीत, ख्रिश्चन आहेत, पण असते तरी काय बिघडलं? या देशात मुस्लिम असणं चूक आहे का? पॉवेल रिपब्लिकन, बुशचे परराष्ट्रमंत्री, मॅकेनचे जुने मित्र. मित्राच्या विरुद्ध जाहीर पाठिंबा देणं ही पदरमोड धरायची की नाही, ओहायोकर ठरवोत.

२००२ च्या भाषणाबद्दल मात्र ओहायोकरांच्या बाजूने साक्ष देतो, मी ओबामावाला असूनही. त्यांचा राज्य सिनेटचा मतदारसंघ हाइड पार्कच्या बाजूचा, विद्यापीठाचा परिसर. तिथे युद्धाला विरोध करायला धाडस लागत नव्हतं, पाठिंबा द्यायला लागलं असतं. पण नजर तेव्हाच वॉशिंग्टनच्या सिनेटवर होती, तिथे संपूर्ण इलिनॉय मत देतं. हिलरी, केरी, बायडन या सगळ्या डेमोक्रॅट सिनेटरांनी त्याच महिन्यात युद्धाच्या बाजूने मत दिलं होतं. त्यामुळे अगदी फुकटचं नव्हतं. आठ आणे पदरमोड म्हणा.

निवडणूक निधीच्या बाबतीत मात्र ओबामांची पदरमोड शून्य. सरकारी निधीच्या मर्यादेत राहण्याची भाषा केली, मग बाहेरून पैसा धो धो येतोय म्हटल्यावर ती मर्यादा सोडून दिली. नुसत्या सप्टेंबरमध्ये १५ कोटी डॉलर जमवले. मॅकेन मात्र ८.४ कोटींत भागवतायत, आपल्याच तत्त्वाच्या दावणीला बांधलेले.

सदाशिवातून_थेट

आम्हाला मत नाही, पण मत आहे!

भारताचा विषय नको म्हणालात तरी लिहितो. भारताबरोबरच्या अणुकरारावर १ ऑक्टोबरला सिनेटमध्ये ८६ विरुद्ध १३ मतं पडली, दोघंही बाजूने. तेव्हा तिथे फरक नाही असं म्हणणाऱ्यांनी २००६ आठवावं. ओबामांनी दुरुस्ती आणून अणुइंधनाचा साठा गरजेपुरताच असावा, असं घालायला लावलं होतं. मॅकेन या बाबतीत सरळ आहेत.

पाकिस्तानवर उलटं. ओबामा गेल्या वर्षी म्हणाले, तिथल्या दहशतवाद्यांची पक्की माहिती असेल आणि मुशर्रफ हलत नसतील तर आम्ही कारवाई करू. मॅकेन म्हणतात, असं मोठ्याने बोलू नये. आम्हाला इथे बसून पहिला बरा वाटतो, पण गरजेल तो पडेल काय?

तिरकस

सदाशिवातून, दुपारी एक ते चार अमेरिकेचं परराष्ट्र धोरणही बंद असतं का? (ह. घ्या.)

रांगेत_उभा

मीही मत नसलेला, पण कर भरणारा. नऊ वर्षं इथे, ग्रीन कार्डच्या रांगेत सहावं. प्रत्येक देशाला सात टक्के, मग तो देश आइसलंड असो की भारत. गेल्या वर्षी जुलैत अर्ज करायच्या सगळ्या तारखा खुल्या केल्या, आम्ही रात्रभर जागून कागद गोळा केले, डॉक्टरकडे रांगा लावून तपासण्या केल्या आणि २ तारखेला सांगितलं, रद्द. तेव्हा शेकडो लोकांनी स्थलांतर खात्याच्या संचालकांना फुलं पाठवली होती, गांधीगिरी म्हणून. मीही पाठवली, पिवळी. दोन आठवड्यांत निर्णय मागे घेतला.

हे सांगायचं कारण: मॅकेन आमच्यासाठी लढले, असं धाग्यात लिहिलंय. लढले, खरंय. पण यंदा जानेवारीत, रेगन ग्रंथालयातल्या वादचर्चेत विचारलं की तुमचंच स्थलांतर विधेयक आज मतदानाला आलं तर? म्हणाले, नाही, मत देणार नाही. आधी पदरमोड केली आणि मग पदर झटकला. करकपातीचंही तेच. तेव्हा विरोध, आज त्याच कायम ठेवा म्हणतात.

ओबामांच्या प्रचारवाल्यांनीही गेल्या वर्षी भारतीयांशी जवळीक म्हणून हिलरींना "पंजाबच्या डेमोक्रॅट" असं चिडवणारं टिपण काढलंच होतं. नंतर ओबामांनीच ती घोडचूक म्हटली. म्हणून मी कुणाच्याच बाजूने नाही. मला तारीख द्या फक्त.

गोड_नको

कर, युद्ध सगळं वाचलं. माझा प्रश्न इन्सुलिनच्या कुपीएवढा आहे.

मॅकेन म्हणतात, नोकरीतून मिळणारा विमा करपात्र करू, बदल्यात कुटुंबाला ५,००० डॉलरची करसवलत. मी कागदावर मांडून बघितलं. आमचा विमा वर्षाला बारा हजारांच्या पुढचा, बहुतेक कंपनी भरते. पंचवीस टक्के कर धरला तर तीन हजार. सवलत पाच. म्हणजे दोन हजार फायदा! ओबामांची जाहिरात सांगते तसा तोटा नाही, निदान पहिल्या वर्षी. हे प्रामाणिकपणे लिहायला हवं, इथल्या ओबामावाल्यांनी मला मारायला धावू नये.

पण पुढे? तरुण, धडधाकट लोक पाच हजार घेऊन बाहेर स्वस्त विमा घेतील, कंपनीच्या विम्यात उरतील माझ्यासारखे. मग मालक म्हणणार, मला हे परवडत नाही. २००५ मध्ये दोन नोकऱ्यांच्या मधे मी स्वतःचा विमा घ्यायला गेलो होतो. फोनवरच्या मुलीने नाव, वय, वजन सगळं गोड आवाजात विचारलं. पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हटल्यावर चार सेकंद शांत बसली आणि म्हणाली, सर, यासाठी आमच्याकडे योजना नाही. किंमत जास्त आहे असं नाही म्हणाली. योजनाच नाही. ते पाच हजार घेऊन मी जाऊ कुठे?

आजारी माणसाला नाकारता येणार नाही असं ओबामा म्हणतात. पैसे कुठून आणणार ते नीट सांगत नाहीत, मान्य. तरी माझं मत ठरलं.

जर्सीचा_जावई

गोड_नको, याला माझ्याकडे उत्तर नाही. मॅकेन अशा लोकांसाठी राज्यांच्या वेगळ्या योजना म्हणतात, पण आहेत त्यांची अवस्था बघता मीही भरवसा देणार नाही. कराचं मात्र सोडत नाही.

बे_एरियातली_मावशी

आणि आपण दोघं का भांडतोय? कॅलिफोर्निया आणि जर्सी दोन्ही ओबामांना जाणार हे शेंबडं पोरही सांगेल. खरं मत एकट्या ओहायोकरांचं. अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात वीस मतं आहेत त्यांच्या राज्याची, २००४ मध्ये तिथे फरक पडला जेमतेम १ लाख १८ हजारांचा आणि ओहायो गमावून एकही रिपब्लिकन अध्यक्ष झालेला नाही. म्हणून हा माणूस फ्रीजकडे बघत बसलाय आणि आपण सगळे त्याच्याकडे.

ओहायोकर (२६ ऑक्टोबर)

काल रात्री जेवणं झाल्यावर पत्रिका टेबलावर घेतली. बायकोने तिची दहा मिनिटांत भरून पाकीट चिकटवलं आणि भांडी घासायला गेली. मला दीड तास लागला. दोन्ही बाजू भरलेल्या: न्यायाधीश, शेरीफ, काउंटीचा इंजिनिअर, शवचिकित्सक सुद्धा मतदानाने निवडतात इथे. पाचव्या क्रमांकाचा प्रश्न पगारावरच्या उचलीच्या कर्जांचा. मी आधी उलटाच समजलो होतो, "हो" म्हटलं की व्याजावरची २८ टक्क्यांची मर्यादा राहते. खोडरबर चालत नाही, म्हणून थांबून तीनदा वाचलं.

वरचा गोल शेवटी भरला. ओबामा.

आजोबांचं माप चुकलं असं म्हणवत नाही. त्या मापाने आजही मॅकेनच. पण मावशींचं ते पेलिनबाईंबद्दलचं वाक्य आठवडाभर डोक्यातून गेलं नाही. स्वतःचा पदर खर्च करणारा माणूस दुसऱ्याचा पदरही तितक्याच सहज उधळतो, हे मी धरलंच नव्हतं. रांगेत_उभा यांनी जानेवारीचं सांगितलं त्यानेही बोचलं. मॅकेनच्या नावापुढचा गोल कोरा ठेवताना वाईट वाटलं, खोटं नाही सांगत.

जर्सीचा_जावई

गद्दार! ४ तारखेला रात्री फोन करतो. तुझा जिंकला तर डिसेंबरात आमच्याकडे ये, फ्रीजर दाखवतो, जो मी घेऊ शकणार नाही.