पाणिपीडन, सप्तपदी, परमस्थान : जैन लग्नातले शब्द

प्रश्न : सांगलीकडच्या एका दिगंबर जैन लग्नाला गेले होते. उपाध्ये (जैन पुरोहित) 'आता पाणिपीडन' म्हणाले. शुभकार्यात 'पीडन' कसं काय? पाणिग्रहण म्हणायचं होतं का?

उत्तर : पाणिपीडनच बरोबर. संस्कृतात 'पीड्' म्हणजे दाबणे, आवळणे असाही अर्थ आहे. पाणिपीडन म्हणजे हात घट्ट धरणे. अमरकोशात विवाहाच्या पर्यायी शब्दांत तो दिलेला आहे. मराठीत पीडा, पीडित एवढेच रुळले, म्हणून तो कानाला खटकतो. जैन विधीत विवाहाची पाच अंगं सांगतात : वाग्दान, प्रदान, वरण, पाणिपीडन आणि सप्तपदी.

प्रश्न : सप्तपदी तर आमच्याकडेही असते. आणि तिथे विनायकाची पूजाही झाली, मग वेगळं काय?

उत्तर : तो विनायक म्हणजे गणपती नव्हे. 'विनायक यंत्र' मांडतात, त्यात पंचपरमेष्ठींची, म्हणजे अर्हंत (केवलज्ञानी जिन), सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू या पाच पूज्यांची, आणि मंगल, लोकोत्तम (जगात श्रेष्ठ), शरण मानलेल्या अर्हंत, सिद्ध, साधू व धर्म यांची पूजा असते.

सप्तपदीचं तर मला फारच अप्रूप वाटतं. वैदिक विधीत सात पावलं अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सख्य यांसाठी. जैन विधीत सात परमस्थानांना, म्हणजे जिवाने चढत जायच्या श्रेष्ठ पदांना, अर्घ्य देतात : सज्जाति (चांगल्या कुळात जन्म), सद्गृहस्थत्व, पारिव्राज्य, सुरेंद्रत्व (इंद्रपद), साम्राज्य (चक्रवर्तीपद), आर्हन्त्य (अर्हंतपद), निर्वाण. क्रम नीट बघा. दुसरं स्थान उत्तम गृहस्थपण, आणि लगेच तिसरं पारिव्राज्य, म्हणजे घर सोडून घेतलेली मुनिदीक्षा! संसाराच्या पहिल्याच दिवशी, नवरा-नवरीच्या समोर, संसार सोडण्याचं नाव आदराने घेतलं जातं. गृहस्थाश्रम हा मोक्षाच्या वाटेवरचा टप्पा आहे, हे इतक्या थेटपणे सांगणारा लग्नविधी मला दुसरा माहीत नाही. म्हणून या शब्दांचा अर्थ उपाध्यांनी मराठीत सांगायलाच हवा. अक्षता पडल्या की निम्मा मांडव पंगतीकडे वळतो आणि हा भाग कुणी ऐकतच नाही.

प्रश्न : मग 'अग्निसाक्षी'चं काय? जैन अग्नीला देव मानतात?

उत्तर : नाही. नवव्या शतकातल्या जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात हे स्वच्छ सांगितलंय : अग्नी स्वतः पवित्र नाही, देवताही नाही; अर्हंतांच्या पूजेशी संबंध आल्यामुळे तो पावन. तिथे गर्भान्वयाच्या, म्हणजे गर्भाधानापासून निर्वाणापर्यंतच्या, 53 क्रियांमध्ये (संस्कारांमध्ये) विवाह सतरावा येतो. लग्नात मनगटाला बांधतात त्या 'कंकणा'चा अर्थही तिथेच उलगडतो. पाणिग्रहणाला 'दीक्षा' म्हटलंय, आणि देव व अग्नी यांच्या साक्षीने वधूवरांनी सात दिवस ब्रह्मचर्य पाळायचं. कंकण सुटतं ते त्यानंतर.